पन्हळीची उतरण

"हो की नाही, ते खाली उतरल्यावर सांगेन," विलासराव म्हणाले आणि तुंगारेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

आर्याने नुसती मान हलवली. गोखिवऱ्याच्या बिल्डिंगखालून निघाल्यापासून देवळापर्यंत चढून येताना तिने तोच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारून पाहिला होता. दर वेळी उत्तर हेच.

प्रश्न पुण्याचा होता. पुण्याजवळच्या डोंगरात, मातीच्या वाटांवर गिअरच्या सायकलींची शर्यत होणार होती आणि तिच्यातून राज्याचा मुलींचा संघ निवडला जाणार होता. गास गावात प्लासिडचं सायकलचं दुकान होतं. वसईतली डोंगरात सायकली घालणारी सगळी पोरं त्याच्याभोवती जमायची. अकरावीतली आर्या त्यांतली एक. तिचं नाव पुण्याला पाठवायचं प्लासिडच्या मनात होतं, पण घरचा होकार असल्याशिवाय तो कुणालाच नेत नसे. आईने, म्हणजे विनयाने, हात वर केले होते. "तुम्ही बापलेक काय ते ठरवा. मला त्या दगडधोंड्यांचं स्वप्नसुद्धा नको."

विलासरावांनी मग आपल्या पद्धतीने ठरवलं. नोकरी टेलिफोन खात्यात, पण जीव पेटीत. वसईपासून विरारपर्यंत कुठल्याही देवळात कीर्तन असलं की पेटीच्या साथीला विलासराव हवेत, असं बुवाच सांगून पाठवत. "ज्या बुवांचा आवाज मी एकदा ऐकला नाही, त्यांच्या साथीला मी बसत नाही," ते लेकीला म्हणाले होते. "तसंच हे. तू जी वाट उतरतेस, ती मला एकदा उतरू दे. तुझ्या शिकवण्याने मी धड खाली आलो तर पुण्याला जा. पण वाटेत मला दिसलं, की आपण काय करतोय हे तुला स्वतःलाच नीट ठाऊक नाही, तर शर्यतीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

आणि म्हणून टेलिफोन खात्यातला पंचेचाळिशी उलटलेला माणूस पौषातल्या त्या रविवारी सकाळी बर्म्युडा, कॅनव्हासचे बूट आणि लेकीचं जुनं हेल्मेट अशा अवतारात महादेवापुढे हात जोडून आला होता. कपाळावर भस्माचे पट्टे.

"हेल्मेटला लागलं का गं भस्म?"

"लागू दे. हेल्मेटलाही पुण्य मिळेल."

"त्यालाच जास्त गरज आहे," ते म्हणाले आणि उठले.

विनोद करत होते, पण उठल्यावरही वाकून त्यांनी नाडीची गाठ पुन्हा ओढून बघितली.

तिची सायकल तिची स्वतःची होती. विलासरावांची उसनी. प्लासिडचा चुलतभाऊ फ्रेडरिक नाताळला कॅनडाहून आला होता आणि परत जाताना आपली सायकल इथेच ठेवून गेला होता. कालच प्लासिड ती चालवत घेऊन आला, जिन्याला टेकवून ठेवली आणि घाईत परत निघाला. आज त्याच्या घरी बाप्तिस्मा होता, नाहीतर तोही बरोबर आला असता. जाताजाता म्हणाला, "संबाळ गं. हिचे ब्रेक आपल्यासारखे नाय." बाहेरच्या देशातली वस्तू, ब्रेक कडक असणारच, असं मनाशी म्हणून आर्याने सीट खाली घेतली, टायरातली हवा थोडी कमी केली आणि बाबांना हाक मारली.

देवळाच्या वरच्या अंगाला थोडं चालत गेलं की जंगलात शिरणारी पायवाट लागे. सुरुवातीला ती अगदी सौम्य होती. तिथे आर्याने सायकली थांबवल्या. बाबांना शिकवायचं म्हणजे काय, हे तिने आठवडाभर मनात घोळवलं होतं.

"उतारावर सीटवर बसायचं नाही. उभं राहायचं. दोन्ही पायडल एका पातळीत, एक वर एक खाली नाही. खालचं दगडाला लागतं. गुडघे, कोपरं सैल."

"आणि बूड?"

"मागे. जितका उतार जास्त, तितकं मागे. अगदी सीटच्याही मागे गेलं तरी चालेल."

"हे तुझ्या आईला सांगू नकोस."

"आणि बाबा, नजर. चाकासमोरच्या दगडाकडे बघितलं की चाक त्याच दगडावर जातं. जिथून जायचंय तिथे बघायचं, लांब."

"हे आमचे बुवा पूर्वरंगात तासभर सांगतात," विलासराव म्हणाले. "दृष्टी तशी वृत्ती. पुढे."

"पुढे ब्रेक." इथे आर्या जरा थांबली. सगळ्यात जास्त विचार तिने याचाच केला होता. "उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. तो उतारावर जोरात दाबला तर पुढचं चाक जागीच अडकतं आणि मागचं उचललं जातं. माणूस हँडलवरून पुढे. डावा मागच्या चाकाचा. तो कितीही दाबा, फार तर चाक फरफटेल. आता असं समजा, की तुम्ही पेटीवर बसलाय. डावा हात भात्यावर. भाता कसा, सतत, दम धरून, पूर्ण चालतो. तसा डावा ब्रेक. उजवा हात सुरांवर. नुसता स्पर्श करायचा आणि उचलायचा."

विलासरावांनी हँडल धरलं. डाव्या पंजाने हळूहळू, एका लयीत लिव्हर दाबली. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवावीत तशी अलगद ठेवली. मग लेकीकडे बघितलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. सुचलं."

त्यांचा चेहरा उजळला तो तिला दिसला. उत्तम पद जमलं की मान डोलवण्याआधी ते असेच क्षणभर स्थिर होत.

आणि खरंच, जमत गेलं. आर्या पुढे, विलासराव मागे. सागाची ताटाएवढी वाळकी पानं वाटेवर पसरली होती, चाकाखाली ती पापडासारखी मोडत होती. "पानांखाली दगड असतो, त्यावर ब्रेक नको," ती ओरडून सांगे आणि मागून "बरं" असा आवाज येई. "मूळ आडवं आहे, सरळ घ्या, तिरकं नको." "बरं." "वळणाच्या आधी वेग कमी करा. वळणात नाही." यावर ते म्हणाले, "समेच्या आधी आवरायचं, समेवर नाही." आर्याला हसू फुटलं. वळणावरून तिने मागे बघितलं तर तिचा बाप पायडलांवर उभा, कोपरं बाहेर काढून, ओठांतल्या ओठांत नाम घेत येत होता. थांब म्हटलं की सायकल जागच्या जागी थांबत होती. कॅनडाचे ब्रेक, ती मनात म्हणाली. पुणे तिला दिसू लागलं. तिथली तांबडी माती, पाठीवर नंबर लावलेल्या मुली.

मग मुरमाचा उतार आला.

जागा छोटीच होती. पण तिथे माती सुटी होती आणि उताराची धार आधीपेक्षा जास्त. आर्या उतरून खाली थांबली आणि वळून बघत राहिली. विलासराव आले. अर्ध्यावर त्यांना वेग जास्त वाटला असावा. ब्रेक दाबले. आणि मागचं चाक जमिनीवरून उठलं.

फार नाही, टीचभर. हवेत जरा थरथरलं आणि धपकन खाली आलं. विलासरावांचं पोट हँडलवर आपटलं. पाय खाली टेकवून ते कसेबसे उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता.

"उडी मारली हिने," ते म्हणाले.

"उजवा दाबलात का?"

विलासरावांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग आर्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत नेमकं काय दिसलं कोण जाणे. "हो," ते म्हणाले. "दाबला गेला असेल. नवीन आहे मी. माझंच चुकलं."

आर्याने मान हलवली, पण तिची नजर त्यांच्या डाव्या हातावर खिळली होती. तो हात अजून लिव्हर आवळून धरून होता. बोटांची पेरं पांढरी झाली होती. उजव्या हाताची बोटं अलगदच होती. तिने त्या डाव्या लिव्हरपासून निघालेली काळी वायर डोळ्यांनी धरली आणि खाली खाली येत गेली. हँडलच्या मधून, समोरून वळून. वायर पुढच्या चाकाकडे गेली होती.

डावा ब्रेक पुढचा होता.

हिचे ब्रेक आपल्यासारखे नाय. प्लासिडने सांगितलं होतं. कडक आहेत असं नव्हतं म्हणायचं त्याला. त्या देशात हातच उलटे असतात, एवढंच म्हणायचं होतं. आणि तिने? आयुष्यात पहिल्यांदा मातीत उतरलेल्या आपल्या बापाला तिने शिकवलं होतं, की पुढचा ब्रेक दम धरून, पूर्ण दाबा. इतकं सुंदर शिकवलं होतं, की ते त्यांच्या हातात भिनलं होतं. निघण्याआधी एकदा चाक उचलून लिव्हर दाबून बघायची, एवढंच करायचं राहिलं होतं. प्लासिड नव्या पोरांना शिकवतो त्यातली ती पहिली गोष्ट.

आणि पुढे पन्हळ होती.

सायकलवाली पोरं त्या जागेला पन्हळ म्हणायची. पावसाळ्यात जिथून पाणी धबाधबा उतरायचं अशी खडकातली घळ. आता ती कोरडी होती. दोन्ही बाजूंनी काळा दगड, मधून एक सायकल जाईल एवढी निमुळती वाट, आणि खाली वाळूचा ओढा. उतार असा, की वरून बघताना शेवट दिसत नसे. तिथे डावा ब्रेक भात्यासारखा दाबला असता तर मागचं चाक टीचभर वर येऊन थांबलं नसतं.

"पाणी पी," विलासराव म्हणाले. "तूच घाबरलीस माझ्यापेक्षा."

आता सांगायचं. दोनच शब्द. बाबा, चुकलं. पण ते शब्द ओठांपर्यंत आले आणि पाठोपाठ दुसरे आले: आपण काय करतोय हे तुला स्वतःलाच नीट ठाऊक नाही, तर शर्यतीचं नाव काढायचं नाही. विलासराव दिलेला शब्द मोडत नसत, आणि घेतलेलाही.

"मी जरा ती जागा चालत जाऊन बघून येतो," ते म्हणाले. "तूच म्हणालीस ना, अवघड जागा आधी पायाने बघायची."

"हो. बघून या. मी तोवर सायकली बघते."

ते झाडांआड झाले आणि आर्या सायकलवर झडप घातल्यासारखी वाकली. याला पाना लागत नाही, हे तिला माहीत होतं. दोन्ही चाकांवरचे ब्रेक हाताने चिमटून वायर ढिली करायची. लिव्हरच्या टोकाला बारीक खाच असते. ती जुळवली की वायर बाहेर निघते. डावीकडची काढून उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. तिची बोटं घामाने घसरत होती. एक वायर खाचेत बसेना. पानांत कुठेतरी वानर खाकरलं आणि ती दचकली. शेवटी बसली. चाक उचलून फिरवलं, डावा दाबला. मागचं चाक थांबलं. उजवा दाबला. पुढचं थांबलं.

तिने डोळे मिटून घेतले. झालं. आता शिकवलं तसंच होतं सगळं. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. चूक झाली होती, ती झाकली गेली होती आणि कुणाला इजा झाली नव्हती.

झाकणं तिला परकं नव्हतं. विलासरावांची पेटी नावाजली होती ती याचसाठी. बुवा ऐन रंगात पट्टी सोडून वर गेले, एखादा चरण विसरले, की पेटी असा काही सूर पुढे करायची की बुवा त्याचं बोट धरून परत जागेवर येत. समोरच्या मंडळींना पत्ता लागत नसे. घरी आल्यावर विनयाने विचारलं, "आज बुवा अडखळले का हो?" तर विलासराव म्हणत, "कुठे? मला नाही जाणवलं." साथीदाराने बुवांची चूक पोटात घालायची असते, हे ऐकत आर्या त्या पेटीमागे झोपून मोठी झाली होती.

विलासराव परत आले. चालताना ते आपल्या तळव्यांकडे बघत होते.

"खोल आहे," ते म्हणाले.

"चालत उतरलं तरी चालेल, बाबा. पहिल्या दिवशी कुणी..."

"तू उतरतेस ना तिथून?"

"हो."

"मग मी बघायला हवं."

दोघांनी सायकली हाताने ढकलत पन्हळीच्या तोंडाशी आणल्या. आर्या म्हणाली, "मी आधी उतरते. माझी रेघ बघा, चाक कुठून जातं ती. मी खाली उभी राहते. उतरताना दगडांकडे बघू नका, माझ्याकडे बघा. बूड मागे. आणि हात, शिकवलंय तसेच. डावा भाता."

विलासराव किंचित हसले. "कळलं," ते म्हणाले. "काळजी करू नकोस. मला कळलंय."

ते हसणं तिला जरा वेगळं वाटलं, पण थांबून विचार करायचा धीर तिला नव्हता. ती उतरली. दगड दोन्ही बाजूंनी मागे पळाला, चाक एकदा धडकलं, दुसऱ्यांदा धडकलं, आणि ती वाळूत येऊन थांबली. सायकल आडवी टाकून ती वळली आणि हात वर केला.

वर, दोन काळ्या कडांच्या मध्ये, विलासराव आकाशाला चिकटवल्यासारखे दिसत होते. त्यांनी पायडलवर पाय ठेवला. ओठ हलले. पुढचं चाक कडेवरून खाली झुकलं.

आणि आर्याला त्यांचे हात दिसले.

उजवा पंजा लिव्हरवर घट्ट होता. चारही बोटं, दम धरून. डाव्या हाताचं एकच बोट अलगद टेकलेलं होतं.

उलटे हात. तिला आधी वाटलं, घाबरून उलटे धरलेत. मग त्यांचं ते हसणं आठवलं, काळजी करू नकोस, मला कळलंय, आणि एका क्षणात सगळं लख्ख झालं. त्यांना मघाशीच कळलं होतं. ज्या हातांना पेटीतली एक सैल पट्टी अंधारात कळते, त्यांना कोणत्या ब्रेकने कोणतं चाक धरलं हे कळणार नव्हतं? त्यांनी तिचा चेहरा बघून चूक स्वतःवर घेतली होती, आणि जागा बघून येईपर्यंत आपले हात मनात बदलून घेतले होते. लेकीची चूक पोटात घातली होती. आणि तिने मागे वायरी बदलल्या होत्या.

आता उजवा ब्रेक पुढचा होता आणि तिचा बाप तो भात्यासारखा दाबत होता.

"बाबा," ती ओरडली. पुढे काय ओरडायचं? डावा? म्हणजे डावा दाबा की डावा सोडा? उजवा? त्यांच्या लेखी तो मागचा होता. तोंडातले सगळे शब्द दोन्ही बाजूंनी धारदार झाले होते. पहिल्या धडकेला विलासरावांचा पंजा आवळला. पुढचं चाक दगडाला धरून थांबलं आणि मागचं वर आलं. टीचभर नाही, हातभर. त्यांचं शरीर हँडलवर झुकू लागलं.

"सोडा," आर्या किंचाळली. "दोन्ही सोडा. ब्रेक सोडा, दोन्ही."

उतारावर ब्रेक सोडायचे, म्हणजे बुडणाऱ्याला काठ सोड म्हणण्यासारखं. कुणाचंही शरीर ते ऐकत नाही. विलासरावांची बोटं उघडली. दोन्ही हातांची.

मागचं चाक खाली आदळलं आणि सायकल सुटली.

"माझ्याकडे बघा. मागे, मागे व्हा. माझ्याकडे बघा."

ते बघत होते. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, बूड सीटच्या मागे गेलेलं, गुडघे दोन्हीकडे फाकलेले. सायकल दगडावरून दगडावर आपटत होती, पण सरळ येत होती. तिच्याकडेच येत होती. आर्याला बाजूला व्हावंसं वाटलं आणि ती हलली नाही. ती हलली असती तर त्यांची नजर हलली असती. शेवटच्या क्षणी तिने अंग चोरलं, हँडल तिच्या दंडाला घासून गेलं, आणि सायकल वाळूत शिरून खचकन रुतली. विलासराव एका कुशीवर पडले.

वर फांद्यांतली वानरं अस्वस्थ होऊन इकडून तिकडे गेली.

विलासराव उठून बसले. गुडघा फुटला होता. त्यांनी आधी डाव्या हाताची बोटं एकेक हलवून बघितली, मग उजव्या हाताची. माघी गणपतीत पापडी गावात कीर्तनाला पेटीवर बसायचं होतं. सगळी हलत होती.

"मी हात बरोबर धरले होते," ते हळूच म्हणाले. स्वतःशीच बोलावं तसं. "मघाशी डावा पुढचा होता. मला कळलं होतं."

"मी बदलले." आर्या त्यांच्यासमोर वाळूत गुडघ्यांवर बसली. "तुम्ही जागा बघायला गेलात तेव्हा मी वायरी बदलल्या. मला मुरमावर कळलं, की मी उलटं शिकवलंय. प्लासिडदादाने सांगितलं होतं, मला अर्थ कळला नाही. निघण्याआधी तपासलं नाही. आणि मग तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात."

एवढं बोलून तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

विलासराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळून भुवईत आलं होतं.

"आणि मला कळलं होतं ते मी तुला सांगितलं नाही," ते म्हणाले. "म्हटलं, पोरीने इतकं जीव लावून शिकवलंय. उगाच कशाला तोंडावर सांगायचं. आपण आपले हात फिरवून घेऊ." ते थांबले. "तीस वर्षं हेच करत आलो. चांगलं म्हणूनच करत आलो."

"तुम्ही पडला असतात."

"मेलोही असतो. देवाने आणि तुझ्या ओरडण्याने ठेवलं." त्यांनी गुडघ्यावरची वाळू झटकली आणि कळ आली तसा श्वास आत ओढला. "कीर्तनात सूर चुकला तर कुणाची मान मोडत नाही, आर्या. तिथे झाकलेलं शोभतं. इथे नाही शोभत. हे मला आत्ता, या वयात, ढुंगणावर पडल्यावर कळलं."

तो प्रश्न आता विचारायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. उत्तर तिला ठाऊक होतं. खाली मान घालून ती रुतलेलं चाक उकरू लागली.

"पुण्याला बरोबर कोण असेल?"

तिचा हात थांबला. "प्लासिडदादा. आणि विरारची तेजस्वी."

"तुझी चूक झाली तर प्लासिडला सांगशील?"

"सांगेन."

"लगेच? शर्यतीतून काढतील असं वाटलं तरी?"

या प्रश्नाला पटकन हो म्हणता आलं असतं. आर्याने वेळ घेतला. मघाशी झाडाखाली घामेजल्या बोटांनी वायर खाचेत बसवणारी मुलगी तिला आठवली. किती हुशारीने बसवली होती तिने.

"मला भीती वाटेल," ती म्हणाली. "पण सांगेन."

"आणि त्याची चूक दिसली तर? मोठा माणूस, शिकवणारा?"

"तेही सांगेन. ओरडून."

"ओरडता येतं तुला, ते ऐकलं मी." विलासरावांनी हात पुढे केला. तिने त्यांना उठवून उभं केलं. पाय टेकवताना ते कळवळले, पण उभे राहिले. "जा मग. माझा हो आहे. तुझ्या आईला गुडघ्याचं मी सांगतो, खरं काय झालं ते. सगळंच सांगतो. ती आपल्या दोघांना घरात घेईल की नाही, ते मात्र माझ्या हातात नाही."

आर्याला हसायचं होतं की काय, तिलाच कळेना. तिने सायकल उभी केली, चाक उचललं आणि त्यांच्या देखत फिरवलं. "डावा दाबा."

त्यांनी दाबला. मागचं चाक थांबलं.

"उजवा."

पुढचं थांबलं.

"आता बरोबर?" तिने विचारलं.

"आता बरोबर. पण माझे हात अजून गोंधळलेत. उरलेली वाट किती आहे?"

"बरीच. सोपी आहे. चालत गेलो तरी चालेल."

"सोप्या जागी चालवतो. अवघड आली की सांग, उतरेन. लाज नाही त्यात." त्यांनी हेल्मेटचा पट्टा ओढला. "तू पुढे हो. आणि बोलत राहा."

मग ती दोघं निघाली. ओढ्याच्या कडेकडेने, कारवीच्या वाळक्या काटक्यांमधून वाट सातिवली गावाकडे उतरत होती.

"दगड. डावीकडून घ्या."

"दिसला. घेतला."

"मूळ आहे. सरळ."

"सरळ घेतलं. जरा उशिरा घेतलं."

"चालेल. इथे वाळू आहे, ब्रेक नको."

"दाबला मी. थोडासा."

"कोणता?"

"डावा."

"ठीक."

झाडी विरळ झाली. समोर उतार पुन्हा किंचित वाढला होता, फार नाही.

"आर्या," मागून आवाज आला.

ती ब्रेक लावून थांबली. "काय झालं? पाय दुखतोय?"

"नाही. म्हणजे दुखतोय. पण ते नाही. मला भीती वाटतेय."

"उतरू या? चालत जाऊ?"

विलासरावांनी पुढच्या उताराकडे बघितलं, मग पायडलवर पाय ठेवला.

"नको. नुसतं सांगितलं."